मामा तलावाचा पाणीहिशेब: मोजपट्टी, मोबाइल आणि उपग्रहाच्या मदतीने

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी (म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातले) तलाव आहेत. सरकारी कागदावर ते 'मा. मा. तलाव' झाले आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. कोहळी समाजाने उताराची नस ओळखून बांधलेल्या पाळी (मातीचे बंधारे) अजून उभ्या आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरेने सांगितले जाते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि दरवर्षी पाळ चोपणारे, पाट उकरणारे हात हळूहळू बाजूला पडले.

आज गावात कुणालाही विचारा, तलाव बुजत चाललाय हे सगळे सांगतील. पण किती बुजला, भरल्यावर त्यात किती पाणी मावते, सप्टेंबरअखेर धान निसवत असताना पावसाने दडी मारली तर किती हेक्टरला एक पाणी देता येईल, याचे उत्तर आकड्यात मिळत नाही. आकडा नसला की गावाची मागणी 'गाळ काढून द्या' एवढ्यावरच थांबते. मग गाळ कुठला, किती आणि कसा काढायचा हे यंत्रवाला ठरवतो. हा हिशेब गावाने स्वतः मांडावा यासाठी हा लेख आहे. लागणारी बहुतेक साधने फुकट आहेत. एक स्मार्टफोन, एक जुना लॅपटॉप आणि दर आठवड्याला पाळीवर जाणारा एक भरवशाचा माणूस एवढ्यावर काम सुरू होते.

आधी तलाव कुणाचा ते पाहा

कामाची सुरुवात उपग्रहापासून करू नका, सातबाऱ्यापासून करा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडले की गटांचा नकाशा उघडतो. तलावाचा गट क्रमांक शोधा, त्याचा सातबारा काढा, क्षेत्र लिहून ठेवा. बुडीत क्षेत्र अनेकदा एकाहून जास्त गटांत पसरलेले असते, त्यामुळे शेजारचे गटही पाहा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. बोड्या (लहान तळी) काही ठिकाणी खासगी, काही ठिकाणी ग्रामपंचायतीच्या. निस्तार पत्रकात (गावाच्या सामायिक हक्कांच्या नोंदीत) तलावाच्या पाण्याबद्दल गावाचे कोणते हक्क नोंदले आहेत तेही तलाठ्याकडून किंवा अभिलेख कक्षातून मिळवा. मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे हे विचारा, कारण मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना बाजूला ठेवून केलेली तलावाची कोणतीही योजना टिकत नाही. खोल कुठे, उथळ कुठे, झरा कुठे, कोणत्या कोपऱ्यात मागूर आणि मरळ अंडी घालतात, हे त्यांना पाठ असते.

तलावाची सीमा आणि जुना चेहरा

लॅपटॉपवर गूगल अर्थ प्रो उतरवून घ्या. गाव शोधा, तलावावर या आणि पाळ, सांडवा, तुडूम (पाटात पाणी सोडण्याचे दार), मुख्य पाट आणि पाणी आत येण्याच्या वाटा यांवर खुणा टाका. 'पॉलिगॉन' वापरून पूर्ण भरल्यावरची कड आखा. मोजमापाच्या टॅबमध्ये क्षेत्र हेक्टरमध्ये दिसते. ही फाइल केएमएल या नकाशा-फाइलीच्या स्वरूपात जतन करा, पुढे सगळीकडे हीच लागणार आहे.

वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या चिन्हावर क्लिक केले की जुनी छायाचित्रे दिसतात. बुडीत क्षेत्रात बांध्या (धानाची बांध घातलेली शेते) कधी पडल्या, पाणी येण्याच्या वाटेवर रस्ता कधी झाला, त्याखाली मोरी ठेवली की नाही, हे तिथे समजते. तलाव भरत नाही म्हणून सगळे गाळाला दोष देतात, आणि खरे कारण कित्येकदा वरच्या बाजूला अडलेला ओढा असते. हे तपासल्याशिवाय एक घमेलेही गाळ काढू नये असे माझे ठाम मत आहे.

त्याहून मागे जायचे असेल तर युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा 'ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर' उघडा. लँडसॅट उपग्रहांच्या १९८४ पासूनच्या चित्रांवरून कोणत्या जागी किती काळ पाणी होते ते तो रंगांत दाखवतो. एक ठिपका ३० मीटरचा असल्याने बोडीसाठी त्याचा उपयोग नाही, पण मोठ्या तलावाचे बारमाही पाणी हंगामी झाले असेल तर ते दिसते.

गावाचा जुना नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत प्रणालीत उपग्रहचित्रावर बसवताही येतो. विहीर, शिवेचा दगड, जुन्या रस्त्यांची चौफुली असे चार-सहा न हललेले बिंदू जुळवावे लागतात. मात्र अशा नकाशात काही मीटरांचा फरक सहज राहतो. त्यावरून कुणाच्या बांधावर बोट ठेवू नका. अतिक्रमणाचा संशय असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून अधिकृत मोजणी हाच मार्ग. ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत तुमचे नकाशे जोडले तर मोजणी कुठे हवी हे स्पष्ट होते, त्यांचा उपयोग तेवढाच. सामायिक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात दिलेला निकालही ग्रामसभेला माहीत असावा.

मोजपट्टी: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची

माझ्या मते या सगळ्या साधनांत पाण्यात उभी केलेली, रंगवलेली मोजपट्टी पहिल्या क्रमांकाची आहे. उपग्रह पाण्याचा पसारा दाखवतो, खोली दाखवत नाही. खोलीसाठी पट्टीच हवी.

मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना ती बसवा. तुडुमाचे दगडी किंवा सिमेंटचे बांधकाम सरळ उभे असेल तर त्यावरच तेलरंगाने खुणा करा, नाहीतर लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये रोवा. एक-एक सेंटिमीटरच्या बारीक रेघा, दर १० सेंटिमीटरला जाड रेघ आणि आकडा. तुडुमाचे सर्वांत खालचे भोक जिथे आहे ती पातळी शून्य धरा, कारण त्याखालचे पाणी शेतीला मिळत नाही. सांडव्याचा माथा म्हणजे पूर्ण भरण पातळी. ही पातळी पट्टीवर आणायला गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. एका अंतरात नळी पुरली नाही तर टप्प्याटप्प्याने पातळी पुढे न्या. सांडव्याजवळच्या पक्क्या दगडावर छिन्नीने एक कायमची खूण करा. पट्टी उद्या पुरात वाहून गेली तरी नवी पट्टी त्याच खुणेवरून बसवता येईल.

वाचन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. जोराच्या पावसात आणि तुडूम उघडे असताना रोज. त्यासाठी कोबोटूलबॉक्सवर एक छोटा अर्ज तयार करा: तारीख, पट्टीवरचा आकडा, तुडूम उघडे की बंद, सांडवा वाहतो का, एक फोटो. मोबाइलवरचे कोबोकलेक्ट हे ॲप नेटवर्क नसतानाही नोंद साठवते आणि नेटवर्कमध्ये आल्यावर पाठवते. फोटो नेहमी एकाच जागेवरून, एकाच दिशेने घ्या. आणि हे सगळे करूनही ग्रामपंचायतीत एक कागदी नोंदवही ठेवाच. फोन हरवतो, पासवर्ड विसरतो, पोरगं नोकरीसाठी नागपूरला जातं. वही गावात राहते.

पावसाचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय मिळतात. पण मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस तुमच्या शिवारात पडलाच असेल असे नाही. शाळेच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक ठेवले तर उत्तम, आणि पोरांना गणित शिकवायलाही ते उपयोगी पडते.

उपग्रहातून पाण्याची कड

युरोपचे सेंटिनेल-२ हे जुळे उपग्रह तुमच्या तलावावरून साधारण दर पाच दिवसांनी जातात. त्यांच्या चित्रात एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. चित्रे कोपर्निकस ब्राउझरवर मोफत पाहता येतात. नोंदणी करून घेतली तर उतरवताही येतात. कृती अशी: तलाव शोधा, केएमएल फाइल चढवा, ढगांची मर्यादा कमी ठेवा, तारीख निवडा आणि थरांच्या यादीतून एनडीडब्ल्यूआय निवडा. हा पाण्याचा निर्देशांक आहे. पाणी हिरवा प्रकाश थोडा परत फेकते आणि अवरक्त प्रकाश जवळपास सगळा गिळते, या दोन्हींच्या फरकावरून तो काढतात. पाणी निळे दिसते, जमीन आणि झाडोरा हिरवा. निळ्या भागाची कड आखून क्षेत्र मोजा आणि त्याच तारखेच्या आसपासचे पट्टीवरचे वाचन त्यासमोर लिहा.

आपल्या भागात इथे तीन ठिकाणी फसगत होते. पहिली वनस्पतींची: कमळ, शिंगाडा, जलपर्णी किंवा बेशरम (काठावर फोफावणारे झुडूप) यांनी झाकलेले पाणी उपग्रहाला जमीन वाटते आणि अर्धा तलाव नकाशावरून गायब होतो. म्हणून खऱ्या रंगातले चित्र शेजारी ठेवून पाहा आणि शंका असेल तिथे स्वतः जाऊन या. दुसरी धानाच्या बांध्यांची: जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, तलावाला लागून असल्या तर तलावच वाढल्यासारखा दिसतो. आधी आखलेल्या सीमेबाहेरचे निळे मोजू नका. तिसरी ढगांची: पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे चित्र मिळत नाही. सेंटिनेल-१ चे रडार ढगांतून पाहते आणि त्यात शांत पाणी काळे दिसते. पण वाऱ्याने लाटा उठल्या की तेही गोंधळते. पावसाळ्यात पट्टीवर भिस्त ठेवा, आणि ऑक्टोबर ते मे या काळात आकाश मोकळे असताना उपग्रहाकडून भरपूर काम करून घ्या.

अर्ध्या एकराच्या बोडीसाठी उपग्रह विसरा. तिथे एसडब्ल्यू मॅप्ससारखे ॲप चालू करून फोन हातात घेऊन कडेने फेरी मारली की काम होते.

आता हिशेब: तलावात पाणी किती

ऑक्टोबरात तलाव भरलेला असतो, मे महिन्यात तळ दिसतो. या आठ महिन्यांत पाणी उतरत जाते आणि प्रत्येक स्वच्छ चित्रात त्याची कड वेगळ्या उंचीवर असते. ती उंची किती, हे पट्टी सांगते. म्हणजे एका हंगामात, एक पैसाही न खर्चता, तलावाच्या तळाचा समोच्च (सारख्या उंचीच्या रेषांचा) नकाशा तयार होतो.

दोन पातळ्यांमधले पाणी काढायला दोन्ही क्षेत्रांची सरासरी घ्या आणि उंचीतल्या फरकाने गुणा. समजा पट्टीवर २.० मीटर असताना पसारा १२ हेक्टर होता आणि १.५ मीटरला ९ हेक्टर. सरासरी १०.५ हेक्टर, फरक अर्धा मीटर. गुणाकार ५.२५ हेक्टर-मीटर. एक हेक्टरवर एक मीटर पाणी म्हणजे १०,००० घनमीटर, तेव्हा या अर्ध्या मीटरात ५२,५०० घनमीटर पाणी आहे. असे सगळे टप्पे खालून वर बेरीज करत गेलात की प्रत्येक पातळीसमोर साठा लिहिलेला तक्ता तयार होतो. तो रंगवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. मग पट्टी वाचणारा कुणीही माणूस आज तलावात किती पाणी आहे ते सांगू शकतो.

या तक्त्याचा खरा उपयोग सप्टेंबरात. धानाला एक संरक्षित पाणी पाच ते सात सेंटिमीटरचे धरले तर हेक्टरी ५०० ते ७०० घनमीटर लागतात. मातीच्या पाटात वाटेत मुरते ते धरून हेक्टरी १,००० घनमीटर हिशेबात घेतले, तर वरच्या उदाहरणातल्या अर्ध्या मीटर पाण्यात सुमारे ५० हेक्टरला एक पाणी मिळते. शेवटच्या टोकाच्या बांध्यांना आधी द्यायचे की पाळीजवळच्यांना, यावर दरवर्षी भांडणे होतात. आकडा समोर असला की निदान किती आहे यावर वाद राहत नाही, वाटायचे कसे एवढेच ठरवायचे उरते.

मासे जगायला किती पाणी राखून ठेवायचे तीही पातळी याच तक्त्यावर लाल रेघेने दाखवा. ढीवर संस्थेशी बसून ती ठरवा.

पाझर ओळखायलाही हीच वही कामी येते. पाऊस नाही, तुडूम बंद, जनावरांपलीकडे उपसा नाही, असे दहा दिवस निवडा. हिवाळ्यात बाष्पीभवनाने दिवसाला तीन-चार मिलिमीटर, मे महिन्यात आठ-दहा मिलिमीटर पाणी उतरणे समजण्यासारखे आहे. त्याच्या दुप्पट-तिप्पट उतरत असेल तर पाळीच्या खालच्या अंगाला चालत जा. ओलसर पट्टा, बाभळीच्या मुळाशी पाझर, घुशींची बिळे, तुडुमाच्या बाजूने गळती, जे दिसेल त्याचा जागेच्या नोंदीसह फोटो घ्या. झिरपणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे आवर्जून लिहा. गढूळ पाणी पाळीतली माती घेऊन येत असते; असे दिसले तर त्याच दिवशी विभागाला लेखी कळवा.

गाळ काढण्याआधी

तळ उघडा पडला की तलावावर आडव्या-उभ्या रेघा कल्पून दर ५० मीटरवर एक बिंदू घ्या आणि प्रत्येक ठिकाणी खड्डा खणा. वरचा काळा, मऊ, भेगाळलेला थर म्हणजे गाळ. त्याखाली रंग बदलतो, मुरूम किंवा घट्ट चिकण माती लागते. गाळाची जाडी मोजून त्या बिंदूसह नोंदवा. पाणी असलेल्या भागात डोंग्यातून जा: खुणा केलेल्या दोरीला वजन बांधून सोडले की पाण्याची खोली मिळते, टोकदार बांबू रुतवला की गाळाचा अंदाज येतो. हे बिंदू क्यूजीआयएसमध्ये टाकले की गाळ कुठे हातभर आणि कुठे पुरुषभर आहे याचा नकाशा समोर येतो. बहुतेक वेळा तो पाणी आत येण्याच्या तोंडाशी सर्वांत जाड असतो, आणि यंत्र मात्र रस्ता सोयीचा म्हणून पाळीजवळ खोदत असते.

ड्रोन परवडत असेल तर उन्हाळ्यातच वापरा, कारण त्याला पाण्याखालचे दिसत नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नोंदणी आणि हवाई क्षेत्राची परवानगी तपासलेला चालकच बोलवा. पण पट्टी, दोरी आणि खड्डे एवढ्यावरही आराखडा चांगला होतो.

आराखड्यात चार गोष्टी ठळक लिहून यंत्रचालकाला समजावून द्या. पाळीच्या पायथ्यापासून पुरेसे अंतर सोडायचे. किती, ते अभियंत्याकडून लिहून घ्यायचे. गाळाखालचा चिकण थर फोडायचा नाही, नाहीतर तलाव चाळणी होतो. तळाचा उतार तुडुमाकडेच राहिला पाहिजे, मध्येच डबरे नकोत. आणि काठाचा उथळ पट्टा, देवधान (रानटी भात) आणि पाणवनस्पतींची जागा, हात न लावता सोडायची. या उथळ जागेतच मासे वाढतात, पक्षी चरतात, गोंदिया जिल्ह्यात सारस याच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत जगतात. सारसाचे घरटे दिसले तर त्याची नेमकी जागा फोटोसह समूहावर टाकू नका. बेशरम मात्र मुळासकट काढा आणि काठावर टाकू नका, तुकड्यातून पुन्हा फुटते.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही राज्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये नव्याने आली. तिच्यात अल्प आणि अत्यल्पभूधारकांना गाळ शेतात नेण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान ठेवले आहे. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचा शासन निर्णय वाचा. किती गाळ निघाला याची मोजणी तुमच्याकडेही असू द्या: ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची मोजून घनमीटर काढा आणि प्रत्येक फेरीची नोंद मोबाइल अर्जात करा, शेतकऱ्याचा गट क्रमांक आणि गाळ टाकल्याच्या जागेसह. शेतात टाकण्याआधी गाळाचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या.

कागद कुठे जातो

ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी ग्रामसभा होते तेव्हा चार पाने घेऊन जा: सीमेचा नकाशा, पातळी-साठा तक्ता, गाळाचा नकाशा, आणि पाळ, तुडूम, पाट यांच्या दुरुस्तीची फोटोंसह यादी. तलावाखालच्या दोन-तीन विहिरींची पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी जोडली तर आणखी वजन येते. जलदूत ॲपसाठी ग्राम रोजगार सेवक अशी मोजणी करतात, त्यांच्याकडे विचारा. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला द्या आणि पोच घ्या. मूळ फाइली एका व्यक्तीच्या फोनमध्ये न ठेवता ग्रामपंचायत, शाळा आणि मत्स्य संस्था अशा तीन ठिकाणी ठेवा.

गाळ निघाल्यावर भिंतीवरचा जुना तक्ता चालत नाही, कारण तळ बदललेला असतो. पुढच्या ऑक्टोबरपासून कड आणि पट्टी पुन्हा जुळवायला घ्या, नवा तक्ता करा आणि जुना वहीत जपून ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे गावाने प्रत्यक्ष मिळवलेले पाणी. तो ट्रॉल्यांच्या नोंदीशी ताडून पाहा. फार तफावत निघाली तर पुढच्या वर्षीचे काम मंजूर करण्याआधी ग्रामसभेत त्याचे उत्तर मागा.